घरी न्यायची गोळी

"वहिनी, मोबाइलची बॅटरी लाव," दिगू म्हणाला. "आणि हिची पापणी वर कर जरा."

"अरे, झोपलेल्या पोरीला कशाला छळता?" सासूबाई मोरीपाशी भांडी विसळत होत्या. "गुटी दिलीय सकाळी. जायफळानं लागतेच झोप. तुम्ही दोघं भाऊ तर दुपार दुपार पाळण्यात पडून असायचात."

शमू माझ्या मांडीवर होती. दहा महिन्यांची. रोज अकराच्या सुमाराला झोपायची आणि तासाभरात भुकेनं किंचाळत उठायची. त्या दिवशी जेवणं झाली, भांडी निघाली, तरी ती उठली नव्हती. मी तिला दोनदा छातीशी लावलं, दोन्ही वेळा दूध तोंडातून ओघळून माझ्या गाऊनवर आलं. मी पहिलटकरीण, त्यात चाळीत कुणी शिंकलं तरी दारं लागायची असे ते टाळेबंदीचे दिवस. उठताबसता शमूच्या नाकाशी बोट धरून श्वास बघायची माझी सवय हा घरात चेष्टेचा विषय झाला होता. म्हणून तासभर मनात जे घोळत होतं ते मी कुणाला बोलले नव्हते. दिगू पाणी प्यायला पोटमाळ्यावरून खाली आला, जाताजाता त्यानं शमूकडे पाहिलं आणि तांब्या हातात धरून तसाच थांबला.

मी बॅटरी लावली. पापणी वर केली. डोळ्यातली काळी बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झाली होती. एवढा उजेड डोळ्यात मारला तरी शमूनं तोंड वळवलं नाही.

दिगूनं तांब्या खाली ठेवला. "हिच्या अंगात माझी गोळी गेलीय."

सुहास दारात बसून बातम्या बघत होता. तो उठला तो सरळ भावाच्या अंगावरच गेला. "काय म्हणालास?"

"माझी गोळी, दादा."

"तू दिलीस?"

"नाही."

"मग? पोरगी चढली माळ्यावर?"

"ते मला माहीत नाही. पण हे डोळे मी ओळखतो."

"तुला सगळीकडे स्वतःचेच डोळे दिसतात," सुहास म्हणाला. पण त्याचा आवाज चिरकला होता.

दिगू माझा दीर. माझं लग्न होऊन मी कल्याणला आले तेव्हा तो घरात नसायचा. रेल्वेच्या गोडाऊनमागे सुया टोचून पडलेला असायचा, आणि सासूबाई त्याच्यासाठी डबा झाकून ठेवायच्या. पुढे त्याच्याबरोबरचे दोघं गेले, त्यातल्या एकाच्या उशाशी हा रात्रभर बसून होता म्हणे. त्यानंतर अन्वर नावाचा एक माणूस त्याला सरकारी केंद्रात घेऊन गेला. अन्वर पूर्वी स्वतः त्याच गोडाऊनमागचा. आता केंद्राच्या वतीनं वस्तीत फिरायचा, वापरलेल्या सुया गोळा करून नव्या द्यायचा, आणि जो ऐकेल त्याला गोळीवर आणायचा. गोळी घेतली की अंग तुटत नाही, सुईची गरज पडत नाही. रोज सकाळी केंद्रात जायचं, तिथल्या सिस्टरनं समोर द्यायची, समोर घ्यायची.

यावरून आमच्या घरात किती भांडणं झाली त्याला गणती नाही. सुहासचं म्हणणं, "एक नशा सोडायला सरकार दुसरी देतं. वर फुकट." एकदा त्यानं अन्वरलाच दारात उभं करून विचारलं, "अरे, पण हा सुटणार कधी?" अन्वर म्हणाला, "दादा, सुटायला माणूस जिवंत तर पाहिजे." सुहासनं दार लावून घेतलं. मला मात्र सुहासचंच पटायचं. मी कॉलेजात सामाजिक धोरणांवर पेपर लिहिलेली बाई. कागदावर मी अन्वरच्या बाजूची होते. घरात बाळ आलं आणि कागद उडून गेला.

टाळेबंदी लागली तशी केंद्रापर्यंत रोज जाणं अशक्य झालं. मग वरून निर्णय आला की आठवड्याच्या गोळ्या घरी न्यायला द्याव्यात. दिगू पहिल्यांदा पाकीट घेऊन आला तेव्हा मी म्हटलं, "घरात लहान मूल आहे." तो म्हणाला, "म्हणूनच कुलपाचा डबा आणलाय, वहिनी." डबा माळ्यावर, तुळईच्या खिळ्याला टांगलेला. चावी त्याच्या गळ्यात.

आता त्यानं तोच डबा खाली आणला आणि कुलूप काढून सुहासच्या पुढ्यात उपडा केला. सुहासनं गोळ्यांच्या पत्त्या उलट्यासुलट्या करून पाहिल्या, वार बोटांवर मोजले, आणि मोठ्यानं श्वास सोडला.

"सगळ्या आहेत. एकही कमी नाही. बघ. अगं, बघ तू पण."

मी पाहिलं. खरंच सगळ्या होत्या.

"देवा रे," सासूबाई मटकन खाली बसल्या. "जीव काढला माझा. दिग्या, तुझ्या डोक्यावर परिणाम झालाय."

सगळ्यांना हवं तेच उत्तर मिळालं होतं. दिगूनं मान हलवली असती तर तिथेच सगळं थांबलं असतं. पण तो पत्त्यांकडे बघतच नव्हता. तो शमूच्या पोटाकडे बघत होता. मीही बघायला लागले. पोट वर आलं, खाली गेलं. मग बराच वेळ काहीच झालं नाही. मी तिच्या पायाला चिमटा काढला, तेव्हा ते पुन्हा वर आलं.

"आई," दिगूनं विचारलं, "सकाळी गुटी कशावर उगाळलीस?"

"कशावर म्हणजे? सहाणेवर."

"धुतली होतीस?"

"गुटीची सहाण रोज कुणी धुतं का? कस जातो तिचा. दुधाचा थेंब टाकायचा आणि वेढे द्यायचे, संपलं."

दिगू उठून ओट्याकडे गेला. सहाण भिंतीशी उभी करून ठेवली होती. त्यानं ती उचलली, खिडकीच्या उजेडात तिरपी धरली आणि खाचेतून बोट फिरवून जिभेला लावलं. पुढे काही विचारायची गरजच राहिली नाही.

"सिस्टर गोळी कुटून देते," तो म्हणाला. "अख्खी विरघळायला वेळ लागतो. मी घरी चमच्यानं कुटायचो, पण त्या उडायच्या, सांडायच्या. जमिनीवर पडली तर बाळ उचलेल. म्हणून आज सकाळी चारही गोळ्या सहाणेवर कुटल्या. सगळी भुकटी पुसून घेतली होती गं मी. बोटानं पुसून घेतली होती."

दगडाला बारीक भोकं असतात. गुटीच्या वेढ्यांसाठीच तर तो दगड तसा खरबरीत असतो.

सासूबाईंनी दोन्ही हात तोंडावर घेतले. सुहासनं दिगूची कॉलर धरली आणि मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही, पण सुहासनं कॉलर सोडली एवढं आठवतं.

दिगू तोवर फोनवर अन्वरशी बोलत होता. सरकारी हॉस्पिटल तापाच्या पेशंटांनी भरलेलं. टेकडीच्या रस्त्याला लहान मुलांचं एक नर्सिंग होम होतं. अन्वर म्हणाला, तिथे जा. उतारा म्हणून एक इंजेक्शन असतं, नशेत गळून पडलेल्या पोरांना केंद्रात तेच देतात. तिथे ते असेल-नसेल, मी केंद्रातून डॉक्टरांना विचारून आणतो. आणि पोरीला झोपू देऊ नका.

शेजारच्या रमाकांतकाकांची रिक्षा महिनाभर जागेवरून हलली नव्हती. सुहासनं हाक मारताच त्यांनी खिडकीतून चावी टाकली, कशाला म्हणून विचारलंही नाही. सुहासला रिक्षा चालवता येत नव्हती. दिगूला येत होती. पूर्वी तो तीच चालवायचा, नंतर परवाना गेला.

"हा चालवणार?" सुहास माझ्याकडे बघून म्हणाला.

"मग तू चालव!" मी शमूला दुपट्यात गुंडाळून आधीच मागे बसले होते.

रस्ता मोकळा होता. इतका मोकळा रस्ता मी कधी पाहिला नव्हता, आणि तरी तो संपत नव्हता. दिगू मागे न बघता सांगत होता. "छाती बघ, वहिनी. चेहरा नको बघू, छाती बघ. थांबली की तळव्याला टिचकी मार. जोरात मार. रडली तर चांगलंच." मी टिचक्या मारत होते. तळवा लाल झाला होता, शमू रडत नव्हती. तिचे ओठ मला वेगळ्या रंगाचे वाटायला लागले. मी सुहासला विचारलं, "निळे दिसतायत का?" तो म्हणाला, "रिक्षाच्या टपामुळे तसं दिसतं." टप पिवळा होता.

नाक्यावर आडवे बांबू लावले होते. हवालदार खुर्चीतून उठला, काठी रिक्षाच्या काचेवर टेकवली आणि वाकून बघितलं.

"कोण, दिगंबर? वा! लॉकडाऊनमध्ये धंदा सुरू? रिक्षा कुणाची उचललीस?"

"साहेब, पोरगी आहे मागे. माझ्या भावाची."

"पास?"

"पास नाही. साहेब, माझी गोळी तिच्या अंगात गेलीय. नशेची. श्वास थांबतोय तिचा."

सुहासनं माझा हात इतका घट्ट दाबला की बांगडी मनगटात रुतली. हवालदार मागे आला. मास्क लावलेल्या त्या माणसाचे फक्त डोळे मला दिसत होते. त्यानं शमूकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि स्वतःच जाऊन बांबू ओढला.

"जा," तो दिगूला म्हणाला. "पण तू परत येताना इथं थांबायचं. कळलं?"

"थांबतो."

रिक्षा पुढे निघाली तसा सुहास माझ्या कानाशी आला. "ऐक. डॉक्टरला गोळीचं सांगायचं नाही. खेळताना काहीतरी तोंडात घातलं म्हणायचं."

"का?"

"केस होईल. याला नेतील, ते जाऊ दे. पण पाजलंय आईनं, कळतंय का तुला? तिच्या हातानं गेलंय. साठीची बाई ती."

मी त्याच्याकडे पाहिलं. तो रडत होता. आपल्या आईला वाचवायला निघालेल्या माणसावर रागावता येत नाही, आणि मला रागवायला वेळही नव्हता. मी खाली बघितलं. छाती थांबली होती. मी टिचकी मारली. पुन्हा मारली. तिसऱ्यांदा मी तिला हलवून जोरात हाक मारली, तेव्हा आत काहीतरी अडखळल्यासारखा श्वास आला.

नर्सिंग होमच्या दारात डॉक्टर घैसास उभ्या होत्या. पन्नाशीच्या, प्लास्टिकचा झगा घातलेल्या. त्यांनी शमूला माझ्या हातातून घेतलं आणि चालता चालताच विचारलं, "काय झालंय हिला?"

"काहीतरी तोंडात घातलं," सुहास म्हणाला. "खेळताना. आम्हाला नीट..."

"ब्युप्रेनॉर्फिन," मी म्हणाले. "दोन मिलिग्रॅमची गोळी. चार गोळ्या कुटलेल्या दगडावर तिची गुटी उगाळली. किती गेली माहीत नाही. दहाच्या सुमाराला दिली."

डॉक्टर थबकल्या. "घरात कोण घेतं हे?"

"मी," दिगू मागून म्हणाला.

शमूच्या तोंडावर प्राणवायूचा छोटा मुखवटा आला, बोटाला चिमटा लागला, यंत्र वाजायला लागलं. "नॅलोक्सोन बघ," त्या नर्सला म्हणाल्या. अन्वर म्हणाला होता तोच उतारा. नर्स कपाटं उघडून आली. नव्हतं. "मागवायचं तर ठाण्याहून." डॉक्टर एका हातानं फुगा दाबून शमूला श्वास देत होत्या. "मग फोन लाव," त्या म्हणाल्या. "आणि तोवर हा फुगा धरायला ये."

"येतंय," दिगू म्हणाला. "अन्वर निघालाय."

"कोण अन्वर?" सुहास ओरडला. "तो गर्दुल्ला? त्याच्यावर पोरगी ठेवायची?"

फुग्याचा आवाज येत राहिला. मी भिंतीला टेकून उभी होते आणि मनात एकच चाललं होतं: अन्वरला नाक्यावर अडवलं असेल. त्याच्याकडे पास असेल का? सायकलवर येतोय का? ज्या माणसाला आम्ही दाराबाहेर उभं ठेवायचो, त्याच्या सायकलच्या घंटीसाठी मी कान लावून बसले होते.

घंटी वाजलीच नाही. मोटरसायकल वाजली. नाक्यावरच्या हवालदारानं अन्वरला मागे बसवून आणलं होतं. अन्वर आत आला, बर्फाच्या डब्यासारखा लहान डबा त्यानं डॉक्टरांपुढे धरला आणि कुणी सांगायच्या आधी बाहेर जाऊन उभा राहिला.

डॉक्टरांनी शमूचं वजन विचारलं. मला आठवेना. मुलीचं वजन मी दर पंधरा दिवसांनी बघायचे, आणि तेव्हा मला आठवेना. सुहासनं सांगितलं.

सुई गेली. काहीच झालं नाही. डॉक्टर यंत्राकडे बघत होत्या, मी छातीकडे. पुन्हा थोडं दिलं. मग शमूनं खांदा उडवला, चेहरा वाकडा केला आणि एक खोल, ओढून घेतलेला श्वास घेतला. डोळे किलकिले झाले. मी "शमू" म्हणेपर्यंत ते परत मिटले.

"असंच होणार," डॉक्टर म्हणाल्या. "ही गोळी चिवट असते. औषध उतरलं की ही परत झोपेल, मग परत द्यायचं. उद्यापर्यंत धीर धरा. आणि तुम्ही," त्या माझ्याकडे वळल्या, "नाव सांगितलंत ते बरं केलंत. नाहीतर मी झोपेच्या औषधामागे अर्धा तास घालवला असता. तेवढा तिच्याकडे नव्हता."

सुहास बाकावर बसला आणि त्यानं डोकं गुडघ्यात घातलं.

सकाळी शमू रडली. नुसती रडली नाही, सलाइनची नळी उपटायला निघाली, नर्सचा मास्क ओढला, माझ्या गळ्याशी तोंड घासून दुधासाठी आकांत मांडला. तिच्या तोंडाची ओढ मला दुखली, आणि मी दुखू दिली. डॉक्टर म्हणाल्या, "ही आता माझ्या ऐकण्यातली नाही. संध्याकाळपर्यंत बघू, मग न्या घरी." हवालदार येऊन जबाब घेऊन गेला. अपघात, असं डॉक्टरांनी त्याला स्पष्ट सांगितलं. आईचं काय होणार, म्हणून सुहासनं चारदा विचारलं. "काय होणार?" हवालदार म्हणाला, "सहाण धुवायला सांगा."

तिला खांद्यावर घेऊन मी थोडी हवा खायला दाराशी आले. दिगू बाहेर पायरीवर बसला होता. ऊन चढायचं होतं तरी त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. नाक वाहत होतं, जांभयांवर जांभया येत होत्या, दोन्ही हात त्यानं काखेत दाबून धरले होते. अन्वर शेजारी उकिडवा बसला होता. सुहास जरा लांब उभा.

"काय झालंय याला?" मी विचारलं.

"गोळ्या मी संडासात टाकल्या," सुहास म्हणाला. "रात्री घरी गेलो तेव्हा. डब्यासकट सगळं फेकलं. आणि याला सांगितलंय, घरी यायचं नाही."

दिगू मान वर करत नव्हता.

"वहिनी," अन्वर म्हणाला, "केंद्रातून फोन होता. झालेलं त्यांना कळवावं लागलं. ते विचारतायत, याची घरी न्यायची गोळी बंद करायची का? घरातलं कुणी नको म्हणालं तर ते देणार नाहीत. तुमचं बाळ, तुम्ही सांगा."

"बंद म्हणजे? केंद्रात जाऊन घेईल तो."

"केंद्राकडचा रस्ता कालपासून पूर्ण सील केलाय. मला सोडतात, याला नाही सोडणार."

"मग तू रोज आणून दे."

"माझ्याकडे सहा वस्त्या आहेत. आजची आणलीय, तर हा घेत नाही. उद्याची नाही जमणार."

"बंद करा म्हण," सुहास मला म्हणाला. "एवढं होऊन पण विचार करतेयस?"

मी खरंच विचार करत होते. कालची दुपार माझ्यापुढून हलत नव्हती. समोर पसरलेल्या पत्त्या, एकही कमी नाही, आणि आम्ही सगळे सुटलो म्हणून श्वास सोडतोय. त्या क्षणी दिगू गप्प बसला असता तर त्याला कुणीही काहीही विचारलं नसतं. कधीच.

"बंद केली तर हा काय करेल?" मी अन्वरला विचारलं.

अन्वरनं दिगूकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "याचं कसं सांगू? मी काय करेन ते सांगतो. मी दुपारपर्यंत कळ काढेन. संध्याकाळी गोडाऊनमागे जाईन."

"वहिनी, नको," दिगू पहिल्यांदा बोलला. दात वाजत होते त्याचे. "दादा बरोबर बोलतोय. तुमच्या घरात नको हे. मी जातो."

"कुठे?"

त्यानं बाहीला नाक पुसलं.

"चालू ठेवा," मी अन्वरला म्हणाले. "नव्या डब्याची चावी माझ्याकडे राहील. गोळी मी कुटून देईन, वेगळ्या वाटीत, आणि ती वाटी मी धुवेन."

"तुला वेड लागलंय का?" सुहास म्हणाला.

"लागलं असेल. घरी गेलो की भांड माझ्याशी. आत्ता मला पाठ आखडलीय, रात्रभर बसून आहे मी." शमूनं माझे केस मुठीत धरले होते, ते सोडवून मी तिला पुढे केलं. "दिगू, धर हिला जरा."

दिगूनं काखेतले हात बाहेर काढले आणि आमच्यासमोर धरले. ते नुसते थरथरत नव्हते, मनगटापासून उडत होते. त्यानं ते पटकन परत लपवले.

"नाही जमणार. पडेल ती."

अन्वरनं खिशातून पुडी काढली होती. मी तिच्याकडे बोट दाखवलं.

"मग आधी ती घे. मग धर."

भुकटी जिभेखाली घेतली की विरघळेपर्यंत तोंड उघडायचं नसतं. दिगू तोंड मिटून, डोळे मिटून पायरीवर बसला. शमूला मांडीवर घेऊन मी त्याच्या शेजारी बसले. सुहास थोडा वेळ तसाच लांब उभा राहिला, मग येऊन पायरीच्या दुसऱ्या टोकाला टेकला. आम्ही थांबलो.